सत्तेचाळीस नंबरचा गहू

गव्हाला थंडी शिकवावी लागते, हे दिल्लीतल्या त्या संशोधन संस्थेत अंबादासइतकं नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. हेमलता मॅडम सोडून, अर्थात. त्या शास्त्रज्ञ आणि तो त्यांचा प्रयोगशाळा सहायक. पण अठरा वर्षं एकाच खोलीत काढल्यावर कोण कुणाकडून शिकलं याचा हिशेब राहत नाही.

कोवळं रोप एकदम बर्फात नेलं की त्याच्या अंगातलं पाणी गोठतं, आतल्या आत सगळं फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी ते उकडलेल्या मेथीसारखं लोळतं. तेच रोप आधी सहा आठवडे चार अंशांवर ठेवलं तर हळूहळू शहाणं होतं. वाढणं थांबवतं, पानं मातीला चिकटवून बसतं, अंगातलं पाणी कमी करून साखर साठवतं. मग उणे चौदा अंशांतूनही जिवंत बाहेर येतं. अंबादास याला थंडीची शाळा म्हणायचा. नव्या विद्यार्थ्यांना तो दरवर्षी हे समजावून सांगे आणि शेवटी बजावे, की शिकायला सहा आठवडे लागतात, विसरायला तीन दिवस पुरतात. मध्येच ऊब लागली की रोपाला वाटतं उन्हाळा आला. ते पोटात ओंबी धरायला लागतं, आणि एकदा ओंबी धरली की पुन्हा थंडीत ठेवून फारसा उपयोग नाही. ते दुसऱ्यांदा पहिल्यासारखं शिकत नाही. त्याची मुलगी अक्षता लहानपणी महिनाभर परभणीला आजोळी राहून जे मराठी शिकून यायची, ते दिल्लीत आठवड्याभरात विसरायची. तसंच, असं तो म्हणे, आणि पोरं हसत.

तर हे सगळं ज्याला तोंडपाठ होतं, त्यानेच ते केलं. शहाण्या माणसाची चूक साधी नसते. ती करताना त्याच्याकडे चार चांगली कारणं तयार असतात.

सत्तेचाळीस नंबर हा मॅडमचा गहू. वरच्या डोंगराळ गावांसाठी त्यांनी तो घडवला होता. तिथे गहू शरदात पेरतात आणि वर बर्फ पडलं की त्या बर्फाच्या गोधडीखाली तो हिवाळा काढतो. आता बर्फ उशिरा पडू लागलं होतं. गोधडी नाही आणि थंडी तीच, म्हणून रोपं उघड्यावर मरत. बर्फाशिवाय तग धरेल असा गहू हवा होता. सत्तेचाळीस दोन हिवाळे चाचणीत पास झाला होता. नियम तीन हिवाळ्यांचा. तिसरा हा, आणि याच जानेवारीच्या एकतीस तारखेला मॅडम निवृत्त होणार होत्या. विभागाचे नवे साहेब भाताचे माणूस. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की मॅडम गेल्या की ही खोली रिकामी करायची. वाण पास झाला तर पुढच्या मोठ्या चाचण्यांना जाईल, नाही तर विषय संपला.

"अंबादास, एवढा एक हिवाळा," मॅडम नोव्हेंबरात पेरणी करताना म्हणाल्या होत्या. "मग मी सुटले आणि तुम्हीही सुटलात."

एकोणतीस डिसेंबरला पुण्याहून फोन आला. मॅडमचा धाकटा भाऊ दिनकर गेला. जेवून उठला आणि गेला. मॅडमनी नवरा गेल्यावरही रजा घेतली नव्हती, पण या वेळी त्या पर्स उचलून थेट विमानतळावर गेल्या. जाताना रोपांच्या थंड चेंबरच्या काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "यांना सांभाळा." त्यांचे डोळे सुजले होते. अंबादासने नुसती मान हलवली.

खोलीत चेंबर दोन होते, दोन्ही जुने. छोट्यात तुलनेसाठी ठेवलेला डोंगरातला जुना वाण आणि मोठ्यात सत्तेचाळीस नंबरचे चार ट्रे. तापमानाचा आलेख काढणारी सुई कधीच मोडली होती, म्हणून अंबादास सकाळ-संध्याकाळ आकडा बघून रजिस्टरमध्ये लिहीत असे. अठरा वर्षांत एक नोंद चुकली नव्हती. मॅडम पाहुण्यांना ते रजिस्टर दाखवत. मशीनवर माझा विश्वास नाही, अंबादासच्या अक्षरावर आहे, असं म्हणत.

दोन जानेवारीच्या सकाळी मोठ्या चेंबरचा कॉम्प्रेसर बसला. दिवे मात्र चालूच होते, त्यामुळे आत गार होण्याऐवजी तापायला लागलं. अंबादासने आकडा पाहिला. एकोणीस. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, "भाईसाहब, पार्ट मँगाना पड़ेगा, तीन दिन लगेंगे." छोट्या चेंबरमध्ये एक ट्रे शिरेल एवढीही जागा नव्हती.

बाहेर धुकं होतं. दिल्लीची ती हाडं फोडणारी थंडी, दिवसाही आठ-नऊ अंश आणि पहाटे तीन-चार. म्हणजे गव्हाला हवी तशी. ट्रे उचलून गच्चीवर ठेवायचे, एवढंच करायचं होतं. पण गच्चीवर माकडं येत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिथे ठेवलेला जवाचा ट्रे पाच मिनिटांत उपटून, चावून, मॅडमच्या खिडकीत भिरकावला होता. अंबादासला तो ट्रे आठवला. मॅडमचं तोंड आठवलं. त्याने ट्रे गच्चीवर नेले नाहीत. बी निवडायच्या खोलीत नेले, दार लावून घेतलं, आणि राखणीला स्वतः स्टुलावर बसला.

बसला तर बसला. पण छप्पन्न वर्षांची छाती, त्यात दिल्लीचा धूर. तासाभरात खोकला सुरू झाला. कोपऱ्यात रूम हीटर होता. 'थोडा वेळ,' तो मनाशी म्हणाला आणि बटण दाबलं.

थोडा वेळ तीन दिवस चालला. घरी जाताना त्याने हीटर बंद केलाही, पण बंद खोली, जाड भिंती. सकाळी आला की खोली अजून कोमटच असे. रोपं मात्र काय सुंदर दिसायला लागली! मातीला चिकटलेली पानं उठून उभी राहिली, गडद हिरवी झाली. अंबादासला त्यांच्याकडे बघून बरं वाटायचं. एवढं पाठ असलेला माणूस, पण त्या तीन दिवसांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही, की ही रोपं सुधारत नाहीत, शाळा सोडून पळत आहेत. किंवा आलं असेल आणि त्याने ते आत येऊ दिलं नसेल.

पुण्याला फोन करावा असं त्याला दोनदा वाटलं. घरी बायकोला, द्वारकेला, विचारलंही.

"अहो, काही काय!" द्वारका म्हणाली. "त्यांच्या घरात माणूस गेलंय, दहावं व्हायचंय अजून, आणि तुम्ही मशीनचं रडगाणं लावणार? आल्या की सांगा ना आरामसे."

तिचं काय चुकलं? कुणीही हेच म्हणालं असतं. आपल्याकडे सुतकातल्या माणसाला आपली अडचण सांगत नाहीत.

पाच तारखेला चेंबर सुरू झाला. ट्रे परत आत गेले. मग रजिस्टर उघडलं. तीन दिवसांच्या सहा ओळी कोऱ्या होत्या. खरं लिहावं तर नवे साहेब रजिस्टर मागवतील, म्हणतील बघा, चेंबर भंगारात काढा, चाचणी रद्द. मॅडम परत यायच्या आत खोलीला कुलूप लागेल. आणि रोपं तर ठणठणीत आहेत. अंबादासने पेन उचललं आणि सहाही ओळींत चार लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

मॅडम अकरा तारखेला आल्या. चेहरा उतरला होता, केसांना तेल-पाणी नव्हतं. आल्या आल्या चेंबरपाशी गेल्या आणि बराच वेळ काचेतून बघत राहिल्या.

"जरा जास्तच खूश दिसतायत ना?" त्या म्हणाल्या. "दरवर्षी याच वेळी कशी दबून बसलेली असतात."

"या वेळी बी चांगलं होतं, मॅडम."

"चेंबर नीट होता ना?"

हाच तो क्षण. अंबादासने नंतर तो मनात हजार वेळा पुन्हा उभा केला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आणि तेव्हा वेळ होता. नव्याने पेरून, तीन महिने मुदत मागून घेता आली असती, चाचणी रद्द झाली असती तरी वाण नापास झाला नसता. पण मॅडमच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून त्याच्या तोंडून निघालं, "बिल्कुल, मॅडम. रजिस्टर बघा ना."

मॅडमनी रजिस्टर उघडलंही नाही. एवढा विश्वास होता.

पंधरा तारखेला रोपं गोठवली. तासाला दोन अंश, असं हळूहळू उणे चौदापर्यंत नेलं, तसंच हळूहळू वर आणलं, आणि मग वाट बघणं सुरू झालं. गोठवलेलं रोप वरून मेल्यासारखंच दिसतं. खरी गोष्ट मातीलगतच्या बुडख्यात असते. तो जिवंत असला तर आठ-दहा दिवसांत त्यातून पांढरट कोंब डोकावतो. पाचव्या दिवशी जुन्या वाणाचे कोंब आले. सातव्या दिवशी आणखी आले. सत्तेचाळीसच्या चार ट्रेंत काही नव्हतं.

मॅडम रोज सकाळी मयूर विहारहून पहिल्या मेट्रोने येत, ओव्हरकोटही न काढता ट्रेवर वाकत. अंबादास त्यांच्या पाठीशी उभा राही. दहाव्या दिवशी त्यांनी चिमट्याने एक बुडखा उपटला आणि ब्लेडने उभा चिरला. आत तपकिरी, मऊ, कुजलेलं. दुसरा चिरला. तिसरा चिरला. अंबादास मनात विठ्ठलाला म्हणत होता, एक निघू दे, एकच. एकोणतीस तारखेपर्यंत त्यांनी सगळी शहाण्णव रोपं चिरली. एकही निघालं नाही.

त्या दिवशी त्यांनी रजिस्टर मागितलं. अंबादासने ते काढून दिलं. मॅडम बोट फिरवत खाली आल्या. चार, चार, चार, चार. दोन जानेवारी. तीन जानेवारी. बोट थांबलं नाही. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"म्हणजे वाणातच नव्हतं," त्या म्हणाल्या.

अंबादासने रजिस्टर उचलून जागेवर ठेवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्याच्या मनात तेव्हा चांदणंही नव्हतं. नुसता अंधार होता आणि त्यात एकच आकडा.

त्या खोलीची एक रीत होती. नापास झालेल्या वाणाचं उरलेलं बी फेकायचं नाही, दळायचं. अठरा वर्षांपूर्वी पहिला वाण नापास झाला तेव्हा मॅडमनी बियांचा डबा कचऱ्यात रिकामा करायला सांगितलं होतं, आणि अंबादास अडून बसला होता. "मॅडम, दाणा आहे. त्याला काय माहीत तो नापास झाला?" त्यांच्या बियांना औषध चोळलेलं नसे, डब्यात नुसता कडुनिंबाचा पाला. तेव्हापासून प्रत्येक नापास वाण चक्कीतून फिरून द्वारकेच्या तव्यावर गेला. सेहेचाळीस वाणांच्या पोळ्या अंबादासच्या घराने खाल्ल्या होत्या. मॅडमनी कधी खाल्ली नाही. आपलं अपयश आपण कसं खायचं, असं त्या हसून म्हणत.

तीस तारखेला मॅडमनी गार कपाटातून सत्तेचाळीसचा डबा काढला. गेल्या दोन वर्षांच्या चाचण्यांत बरंचसं बी संपलं होतं. तीन किलो उरलं होतं. जगात तेवढंच.

"साहेबांचं पत्र आलंय, उद्या कपाट रिकामं करून द्यायचंय," त्या म्हणाल्या. "हे दळून आणा. आणि द्वारकाताईंना सांगा, उद्या दुपारी मी तुमच्याकडे जेवायला येणार. या वेळी मी पण खाणार."

"मॅडम, थोडं राहू द्या की. मूठभर."

"कशाला? नापास वाण राखून पुढच्या माणसाची दिशाभूल करायची?"

अंबादास पिशवी घेऊन बाजारातल्या चक्कीवर गेला. रांग होती. पिशवी फार जड नव्हती, तरी तो ती या हातातून त्या हातात घेत होता. नंबर आला तेव्हा त्याने पिशवीत हात घातला आणि मूठ भरली. दाणे गार होते, बारीक, तांबूस. मूठ खिशात घालायची, बस. पण मग त्या मुठीचं काय सांगायचं? मूठ दाखवली की तीन दिवस दाखवावे लागणार, हीटर दाखवावा लागणार, सहा ओळी दाखवाव्या लागणार. अजून चार वर्षं नोकरी होती. आणि खरं सांगायचं तर नोकरीही नाही. मॅडम आपल्याकडे कशा बघतील, याचीच त्याला भीती होती.

"अंकल, डालना है कि नहीं? पीछे लाइन लगी है," चक्कीवाला ओरडला.

अंबादासने मूठ उघडली. दाणे पिशवीत पडले, पिशवी चक्कीत रिकामी झाली. पीठ गरम निघालं.

एकतीस तारखेला निरोप समारंभ झाला. साहेबांनी शाल दिली, समोसे झाले, फोटो झाले. मॅडम शाल हातात धरूनच संस्थेच्या मागच्या क्वार्टरमध्ये आल्या. द्वारकेने पोळ्या, वांग्याची भाजी आणि वरण केलं होतं. तिघं खाली चटईवर बसली.

मॅडमनी पहिला घास नुसत्या पोळीचा घेतला. हळूहळू चावला.

"गोड आहे हो द्वारकाताई."

"गहूच गोड आहे," द्वारका म्हणाली. "इतक्या वर्षांत असं पीठ हाताला लागलं नव्हतं. पाणी जास्त लागतच नाही, एकदम लोण्यासारखं."

"चला, काही तरी गुण होता म्हणायचा." मॅडम हसल्या. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच. "अंबादास, काल रात्री मला झोप लागली. म्हटलं, संपलं एकदाचं. आता फक्त एक पत्र लिहायचं राहिलंय. गेल्या दोन वर्षांचे निकाल मी मागे घेतेय. हा वाण या वर्षी असा सपशेल मेला, म्हणजे आधीच्या दोन चाचण्यांतच माझं काही तरी चुकलं असणार. वय झालं होतं, आशा होती, डोळ्यांना हवं ते दिसलं असेल. वरच्या गावातल्या लोकांनाही कळवते, की या गव्हाची वाट बघू नका."

अंबादासचा घास हातातच राहिला.

"ते निकाल खरे होते, मॅडम."

"तुम्ही चांगले आहात म्हणून असं म्हणता."

"नाही, मॅडम. मी चांगला नाही." आणि मग त्याने सांगितलं. कॉम्प्रेसर, एकोणीस अंश, माकडं, बी निवडायची खोली, हीटर. सांगताना तो मॅडमकडे बघत नव्हता, पोळीकडे बघत होता. द्वारका पदर तोंडाला लावून बसली.

मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. त्याचं झाल्यावर, प्रयोगशाळेत विचारत तशा आवाजात विचारलं, "किती दिवस?"

"तीन."

"हीटर कितीवर?"

"खोली बावीस-तेवीस असेल."

"आणि रजिस्टरमध्ये चार?"

"मीच लिहिलं."

मॅडमच्या ओठांची हालचाल झाली. त्या काही मोजत होत्या. पाच आठवडे पुरे झाले होते, तीन दिवस बावीस अंश, मग उणे चौदा. जुना वाणसुद्धा मेला असता. कुठलाही गहू मेला असता. हे त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही, पण अंबादासला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आधी एक क्षणभर चेहरा उजळला, वाण खरा होता म्हणून. मग त्यांची नजर ताटावर गेली.

"एखादी मूठ ठेवलीत?"

"भरली होती, मॅडम. परत टाकली."

द्वारका उठली, भराभर स्वयंपाकघरात गेली आणि डबा घेऊन आली. "पीठ आहे की! वाटी-दोन वाट्या आहे अजून..." बोलता बोलता तिचं तिलाच कळलं आणि ती डबा पोटाशी धरून उभी राहिली.

"मला फोन का नाही केलात, अंबादास?" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "एक फोन. मी सांगितलं असतं, गच्चीवर ठेवा, खाऊ द्या माकडांना खायचे तेवढे."

"तुमचा भाऊ गेला होता, मॅडम. अशात कसं सांगायचं..."

"भाऊ गेलाच होता हो," मॅडम म्हणाल्या. "गहू होता अजून."

बाहेर क्वार्टरच्या छपरावर माकडं उड्या मारत होती. अंबादासने ताट बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला रडू येत होतं, पण मॅडमसमोर आपल्याला रडायचाही हक्क नाही असं त्याला वाटत होतं.

मॅडमनी त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

"पानात टाकू नका," त्या म्हणाल्या. "पास झालेला गहू आहे. खा."

आणि त्यांनी आपल्या पोळीचा पुढचा तुकडा मोडला. अंबादासनेही मोडला. द्वारका डबा धरून तशीच उभी होती. पोळी खरंच गोड होती, आणि दोघांनी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.